मद्रास टायमाचं ग्रहण

हेरंबराव टिपणिसांनी त्या संध्याकाळी दिव्यापुढे लिंबू धरलं नसतं, तर पुढचं काहीच झालं नसतं. मुगभाटातल्या त्यांच्या चाळीचं आंघोळीचं पाणी सांडलं नसतं, पोस्टातल्या रघुवीरचा गुडघा फुटला नसता, आणि खुद्द हेरंबरावांवर भर दुपारी बाहेरून कडी लावलेल्या खोलीत बसायची पाळी आली नसती. पण लिंबू हाताशी होतं, दिवा नुकताच लागला होता आणि समोर ऐकून घेणारी बायको होती. एवढं जुळून आल्यावर भलेभले घसरतात. हेरंबराव तर रेल्वेच्या कचेरीतले साधे कारकून.

त्याचं असं झालं, की धोबीतलावाजवळच्या एका सभागृहात मॅजिक लँटर्नचं व्याख्यान होतं. विषय सूर्यमालेचा आणि येत्या पौष अमावास्येच्या सूर्यग्रहणाचा. हेरंबराव आत शिरले ते पाय दुखत होते आणि आत खुर्च्या दिसत होत्या म्हणून. (हे त्यांनी पुढे कधीच कबूल केलं नाही.) पण पडद्यावर सूर्य उगवला, त्याच्याभोवती एकेक ग्रह येऊन फिरायला लागला, आणि हेरंबराव पाय विसरले. आपण ज्या पृथ्वीवर बसून दहा वर्षं मालगाड्यांचे तक्ते उतरवतो आहोत, ती सगळा वेळ भिंगरीसारखी फिरते आहे आणि आपल्याला कोणी कळवलंसुद्धा नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं. घरी परतताना त्यांच्या खिशात व्याख्यानाचं छापील पत्रक होतं आणि डोक्यात अख्खी सूर्यमाला होती. ती कुणाच्या तरी डोक्यात घातल्याशिवाय त्यांना जेवण जाणं शक्य नव्हतं.

"हे बघ," ते कालिंदीला म्हणाले, "दिवा म्हणजे सूर्य. लिंबू म्हणजे चंद्र. आणि तुझं नाक म्हणजे पृथ्वी."

"नाक कशाला? मी डोळ्यांनी बघणार ना?" कालिंदी मराठी चार इयत्ता शिकलेली होती, आणि शिकलेलं विसरली नव्हती.

"बरं, डोळा. आता चंद्र असा मध्ये आला, की..."

"पण चंद्र सूर्याहून कितीतरी लहान, असं तुम्हीच आत्ता म्हणालात. एवढंसं लिंबू एवढ्या दिव्याला कसं झाकेल?"

ही अडचण व्याख्यात्याने नक्की सोडवली होती, पण नेमक्या त्या वेळी हेरंबराव शनीच्या कड्यात अडकलेले होते. ते लिंबू वर करून बघू लागले, खाली करून बघू लागले. कालिंदीने ते त्यांच्या हातातून घेतलं, स्वतःच्या डोळ्याजवळ आणलं आणि हसली. "जवळ आहे म्हणून. झाकला बघा दिवा."

"तेच तर सांगत होतो," हेरंबराव म्हणाले.

"मग यात राहू कुठे बसतो?"

"राहू-बिहू कोणी नाही. नुसती सावली."

कालिंदी लिंबू हातात फिरवत राहिली. तिला सहावा महिना चालू होता. याआधी दोनदा घरात पाळणा बांधायच्या गोष्टी निघाल्या होत्या आणि दोनदा त्या मध्येच थांबल्या होत्या. लिंबू खाली ठेवत ती म्हणाली, "नुसती सावली आहे, तर मग त्या दिवशी मी अंधाऱ्या खोलीत का बसायचं?"

उत्तर नसलं की हेरंबराव वचन देत. "नाही बसायचं! तुला मी ग्रहण दाखवीन. अंगणात उभं करून, काजळी धरलेल्या काचेतून. शब्द देतो."

कालिंदीचा चेहरा असा उजळला, की त्या क्षणी हेरंबरावांनी तिला शनीची कडीसुद्धा काढून दिली असती. आणि त्याच क्षणी स्वयंपाकघराच्या दारात पळी घेऊन आनंदीआत्या उभ्या राहिल्या.

आनंदीआत्या म्हणजे हेरंबरावांच्या वडिलांची थोरली बहीण. फार लहानपणी विधवा होऊन भावाकडे आली, आणि आईवेगळ्या हेरंबला तिनेच वाढवलं. कचेरीत साहेबापुढे बोलताना हेरंबरावांची जीभ अडखळे. आत्यापुढे ती उचलतच नसे.

"कुणाला अंगणात उभं करतोस रे, हेरंबा?"

"आत्या, ते... शास्त्राप्रमाणे..."

"दोनदा काय झालं ते विसरलास?"

आत्यांनी हे रागाने म्हटलं असतं तर हेरंबराव एकवेळ भांडले असते. पण त्यांचा आवाज कापत होता. हेरंबरावांना तिथेच गप्प बसता आलं असतं, किंवा 'माझ्या बायकोला बघायचंय, मी दाखवणार' एवढं सरळ म्हणता आलं असतं. त्यांनी तिसरंच केलं. ते म्हणाले, "आत्या, शास्त्र किती खरं असतं ठाऊक आहे? ग्रहण कुठल्या मिनिटाला लागणार, ते मी तुला आज सांगतो."

आत्यांनी पळी खाली केली. त्या हट्टी होत्या, पण अन्यायी नव्हत्या. "सांग तर. तू म्हणशील त्या वेळेला ग्रहण लागलं, तर सूनबाईला खुशाल अंगणात ने. मी तोंड उघडणार नाही. आणि नाही लागलं तर ती खोलीत बसेल, आणि तू तोंड उघडायचं नाहीस."

"कबूल!" हेरंबराव म्हणाले. कालिंदीला कोणी विचारलं नाही.

आता हे वेळेचं प्रकरण जरा नीट सांगायला हवं, कारण सगळी माती तिथेच झाली. त्या काळी मुंबईत दोन वेळा नांदत होत्या. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून सूर्य मद्रासेला आधी माथ्यावर येतो आणि आपल्याकडे अर्ध्या तासाने. गाड्यांची टक्कर होऊ नये म्हणून रेल्वेने सगळीकडे मद्रासची वेळ धरली होती. मुंबईकर मात्र आपल्या सूर्याला सोडायला तयार नव्हते. घरात, देवळात, बाजारात मुंबईची वेळ चाले. मद्रास टायमात साडेदहा म्हणजे मुंबईत दहा, एवढाच हिशेब. हेरंबराव रेल्वेचे, त्यामुळे त्यांचं खिशातलं घड्याळ मद्रास टायमावर चालायचं. छापलेली वेळ दिसली की अर्धा तास वजा करून ती घरी सांगायची, ही दहा वर्षांची सवय त्यांच्या हाडात मुरली होती.

पत्रकात ग्रहणाच्या स्पर्शाची वेळ छापली होती अकरा. हेरंबरावांनी ती वाचली आणि अर्धा तास वजा करून चाळीत जाहीर केलं : साडेदहा!

चाळीतले वडीलधारे अप्पा, शाळेतून निवृत्त झालेले पंतोजी, पंचांग घेऊन जिन्यात आले. "हेरंबराव, पंचांगात तर अकराच्या सुमाराला येतं हो."

"पंचांग अर्ध्या तासाने चुकलंय, अप्पा," हेरंबराव मृदू आवाजात म्हणाले. शंका येण्याऐवजी त्यांना आनंद झाला. शास्त्राने पंचांगाला अर्ध्या तासाने हरवणं हे त्यांना फार शोभून दिसत होतं. कालिंदीने पत्रक मागितलं, पण ते त्यांनी तिला दिलं नाही. "त्यातलं तुला कळायचं नाही, मी समजावीन," असं म्हणून त्यांनी ते घडी घालून कोटाच्या खिशात ठेवलं.

बघता बघता गोष्ट चाळभर झाली. आदल्या वर्षी प्लेगाने निम्मी चाळ रिकामी केली होती, माणसं गावी पळाली होती, काही परतलीच नव्हती. उरलेल्यांना हसायला-बोलायला काहीतरी हवंच होतं. हेरंबरावांनी एका तसबिरीची काच काढून तिचे तुकडे दिव्यावर काळे केले. (तसबीर त्यांच्या सासऱ्यांची होती. पुढे कितीतरी दिवस सासरे उघड्यावरच राहिले.) आठवडाभर कचेरीतून आल्यावर ते जिन्यात उभे राहून सूर्यमालेवर बोलत, आणि कालिंदी दाराआडून ऐकत राही. एकदा तिने हळूच विचारलं, "नक्की ना हो, साडेदहाला?"

"शब्द दिलाय ना?" हेरंबराव म्हणाले.

अमावास्या शनिवारी आली. हेरंबरावांनी रजा काढली होती. ग्रहणाचे वेध लागलेले, त्यामुळे चाळीत कुणाच्याच पोटात अन्नाचा कण नव्हता. शिजलेल्यावर, साठवलेल्यावर तुळशीची पानं पडली होती. नळ नऊला जायचा, म्हणून ग्रहण लागल्यावर आणि सुटल्यावर करायच्या आंघोळींचं पाणी बायकांनी आधीच भरून अंगणात ओळीने मांडलं होतं : हंडे, कळश्या, घागरी, बादल्या, एका बिऱ्हाडाचं तर लोणच्याचं रिकामं पिंपसुद्धा. आत्यांनी वरच्या मजल्यावरच्या आपल्या आतल्या खोलीची खिडकी गोधडीने झाकून, फटींत चिंध्यांचे बोळे कोंबून ती तयार ठेवली होती. कालिंदी गॅलरीत कठड्याला धरून उभी होती. हिरवं लुगडं नेसली होती. कुणाच्या लग्नाला निघावं तशी.

हेरंबराव अंगणाच्या मध्यभागी हातात घड्याळ घेऊन उभे राहिले. काटा साडेदहावर आला. "स्पर्श!" ते ओरडले.

त्याच वेळी अप्पांच्या खोलीतल्या भिंतीवरच्या घड्याळात टण टण दहा ठोके पडले.

"अप्पा, तुमचं घड्याळ अर्धा तास मागे आहे!" हेरंबराव हसून म्हणाले. खिशातलं घड्याळ मद्रासचं आहे, हे त्या क्षणी त्यांच्या ध्यानातही नव्हतं. एकच अर्धा तास त्यांनी दोनदा वजा केला होता, एकदा पत्रकातून आणि एकदा खिशातून. ग्रहणाला अजून पुरता एक तास अवकाश होता.

सगळ्यांनी काचा डोळ्यांना लावल्या. सूर्य गोल होता. दोन मिनिटांनी बघितलं, गोल होता. पाच मिनिटांनी रघुवीर म्हणाला, "हेरंबराव, कुठून लागतंय ते सांगा, म्हणजे तिथेच बघतो."

"कडेने. नीट बघा. सुरुवातीला बारीक असतं."

"माझ्या काचेत तर काहीच नाही."

"काजळी जास्त झाली असेल. बदलून घ्या."

काचा बदलून झाल्या, अर्धा तास गेला. सूर्य बदलला नाही. वरळीच्या कोळीवाड्यातली तुळसा, जी रोज चाळीत मासळी घेऊन यायची, ती आज रिकामी पाटी पालथी घालून तिच्यावर बसली होती. वेध असल्यामुळे मासळी कोण घेणार? पण हेरंबरावांचं ग्रहण बघायला ती मुद्दाम आली होती. ती म्हणाली, "दादा, आज आवस हाय. आवसंला पानी दुपारच्याला भरतं. चांद वर चढल्याबिगर पानी भरत नाय. मंग तुमचा चांद आताच कसा येल?"

"तुळसा, हे शास्त्र आहे. म्हावरं नव्हे," हेरंबराव म्हणाले.

"बरं," तुळसा म्हणाली आणि पानाची चंची उघडून पुन्हा मिटली. वेध तिलाही होते.

गॅलरीतून कालिंदी बघत होती. ती सूर्याकडे नाही, हेरंबरावांकडे बघत होती. ते काही हेरंबरावांना सहन होईना. वेळ काढायला हवा होता. चंद्र निघाला आहे, वाटेत आहे, येईपर्यंत लोकांना धरून ठेवायला हवं. "तोवर आपण प्रयोग करू!" ते म्हणाले. "अप्पा, तुम्ही सूर्य. इथे खुर्चीत बसा."

"सूर्याला काय काम?"

"काही नाही. हलायचं नाही."

"हे मला जमेल," म्हणून अप्पा बसले आणि उपाशी पोटी उन्हात लगेच पेंगू लागले.

रघुवीर अंगाने चांगला भरलेला, म्हणून तो पृथ्वी. त्याने स्वतःभोवती गिरक्या घेत घेत अप्पांना प्रदक्षिणा घालायची. आणि चंद्र स्वतः हेरंबराव. त्यांनी रघुवीरला प्रदक्षिणा घालायची. पहिली फेरी बरी झाली. माणसं हसली, टाळ्या वाजल्या. हेरंबरावांना जोर चढला. "जरा वेगाने, रघुवीर! पृथ्वी एवढी रेंगाळत नाही!"

"पृथ्वी जेवलेली असेल हो!" रघुवीर ओरडला, पण वेग वाढवला. दुसऱ्या फेरीत त्याचे डोळे गरगरायला लागले. तिसऱ्या फेरीत पृथ्वीने आपला मार्ग सोडला आणि ती तिरकी हंड्यांच्या दिशेने निघाली. चंद्र तिला आवरायला धावला. धोतराचा सोगा पृथ्वीच्या पायाखाली आला, आणि दोघेही पहिल्या बादलीवर जाऊन आदळले. पहिली बादली दुसऱ्या घागरीवर, घागर कळशीवर, कळशी हंड्यावर. शेवटी लोणच्याचं पिंप डुलत डुलत आडवं झालं. सूर्य दचकून जागा झाला आणि पाय वर घेऊन खुर्चीत उकिडवा बसला.

मग जो गोंधळ झाला तो सांगण्यात अर्थ नाही. नळ गेलेला, आंघोळीचं पाणी अंगणभर, बायका गॅलरीतून एकदम बोलताहेत, रघुवीर गुडघा धरून बसलेला. हेरंबराव नखशिखांत भिजून उभे, हातातलं घड्याळ कानाला लावून बघत. घड्याळ चालू होतं. (तेच तर दुर्दैव.)

आनंदीआत्या जिना उतरून आल्या. हेरंबरावांना वाटलं, आता पाणउतारा होणार. पण आत्यांनी नुसतं एकदा आकाशाकडे बघितलं, सूर्य लख्ख गोल होता. मग वर बघून म्हणाल्या, "सूनबाई, चल."

कालिंदीने हेरंबरावांकडे बघितलं आणि मान खाली घालून आत गेली.

हेरंबराव थंडीने कुडकुडत मागोमाग वर गेले. कोरडं धोतर आतल्या खोलीतल्या ट्रंकेत होतं. ते आत शिरून, कोट दोरीवर टाकून ट्रंक उघडताहेत तोवर मागे दार लागलं आणि बाहेरून कडी पडली.

"आत्या! मी आत आहे!"

"ठाऊक आहे," बाहेरून आत्यांचा आवाज आला. "अकराला पाच कमी आहेत. आता मोक्ष होईपर्यंत कडी निघायची नाही. तिच्यापाशी बस गुमान."

हेरंबराव धोतर बदलून भिंतीला टेकून बसले. अंधारात कालिंदी पलीकडे बसली होती. थोड्याच वेळात रस्त्यावरून दान मागणाऱ्यांची आरोळी उठली : "दे दान, सुटे गिराण!" पाठोपाठ अंगणात गलका झाला. "लागलं! लागलं! बघा, उजवीकडे खाल्लंय!" रघुवीरचा आवाज सगळ्यांत मोठा होता, गुडघा एवढ्यात बरा झालेला दिसला. काचा तर त्यांच्याकडेच होत्या.

आणि मग हेरंबरावांच्या डोक्यात तो अर्धा तास लख्ख उगवला. एक नाही, दोन्ही.

"कालिंदी," ते अगदी हळू म्हणाले, "मी चुकलो. मी दिलेला शब्द..."

"शब्दाचा राग नाही आला मला." कालिंदीचा आवाज शांत होता, त्यामुळे तो जास्त लागला. "तुम्ही आत्याबाईंपुढे घड्याळाची पैज लावलीत. मला बघायचंय, एवढं म्हणायला काय झालं होतं? आणि मला विचारलंत तरी का?"

मग हेरंबरावांनी त्या आठवड्यातलं पहिलं खरं वाक्य उच्चारलं. "खरं सांगू? मला भीती वाटत होती. शास्त्र सगळं पटलंय, पण दोनदा जे झालं... मला वाटलं, वेळ बिनचूक निघाली, तर बाकीचंही खरं असेल आणि तुला काही होणार नाही."

कालिंदी सरकत सरकत जवळ आली. "मलाही वाटते," ती म्हणाली. "तरी बघायचं होतं."

दोघं तशीच बसून राहिली. बाहेरचा गलका कमी-जास्त होत होता. खोलीत गारवा वाढत होता, आणि कावळे अवेळी ओरडायला लागले होते. एकाएकी कालिंदी म्हणाली, "अहो, ते कवडसे बघा."

खोली सगळ्यात वरची, वर नुसती कौलं. कौलांच्या बारीक फटींतून रोज दुपारी जमिनीवर रुपयाएवढे सात-आठ कवडसे पडायचे. आत्यांनी खिडकीच्या फटी बुजवल्या होत्या, पण वर बोळे लावलेले नव्हते.

"रोज गोल असतात," कालिंदी म्हणाली. "आज एका बाजूने खाल्लेत."

"कौल सरकलं असेल. मांजर फिरलं असेल," हेरंबराव म्हणाले. (तोंड न उघडण्याचं कबूल केलेला माणूस इतकाच टिकतो.)

"मांजर एका कौलावरून फिरेल. सगळेच कवडसे सारखे कसे खाल्ले?"

हेरंबराव उठले, काठी घेतली आणि ट्रंकेवर चढून कौल नीट करायला गेले. कौल नीट झालं नाही. त्याचा एक टवका तेवढा उडून खाली आला. नवी फट झाली, तिकोनी, वेडीवाकडी. तिच्यातून नवा कवडसा खाली पडला. तोसुद्धा तसाच, एका बाजूने खाल्लेला.

"भोक तिकोनी आणि कवडसा असा!" कालिंदी उभी राहिली होती. "अहो, हा भोकाचा आकार नाही. हा सूर्यच आहे! सूर्यच खाली पडलाय. काहीतरी द्या मला, पांढरं काहीतरी, पटकन!"

हेरंबरावांनी दोरीवरच्या ओल्या कोटाच्या खिशातून हाताला लागला तो कागद काढून दिला. ते व्याख्यानाचं पत्रक होतं. कालिंदीने ते कवडशाखाली तिरपं धरलं, आणि कागदावर सूर्याची कोर उमटली. स्वच्छ, धारदार. डोळे दिपत नव्हते, काजळीची काच लागत नव्हती. दोघं बघत राहिली. कोर बारीक होत गेली, होत होत कापलेल्या नखाएवढी उरली. जमिनीवर, ट्रंकेवर, कालिंदीच्या हिरव्या लुगड्यावर सगळीकडे बारीक कोरी पसरल्या होत्या. एक तिच्या पोटावर होती. तिने तिच्यावर हात ठेवला, तर ती हातावर आली.

"दिसलं," कालिंदी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि हेरंबरावांच्याही. "बघा, मला दिसलं."

हेरंबराव काहीतरी शास्त्रीय बोलायला निघाले होते. तेवढ्यात कोर पुन्हा जाड व्हायला लागली, उजेड वाढला, आणि कालिंदी पत्रक डोळ्यांजवळ नेऊन वाचू लागली.

"अहो, इथे खाली बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचलंत?"

"काय?"

"'सर्व वेळा मुंबईच्या.'"

हेरंबराव ट्रंकेवर बसले ते मोक्ष होईपर्यंत उठले नाहीत.

दोनच्या सुमाराला कडी निघाली. आत्यांनी आधी कालिंदीचा चेहरा बघितला, मग जमिनीवरचे पुन्हा गोल झालेले कवडसे बघितले, मग वर कौलांकडे. "वरच्या फटींना बोळे लावायला माझा हात पुरला नाही," त्या म्हणाल्या. कालिंदीची नजर भिंतीकडे गेली. ज्या घडवंचीवर चढून आत्या रोज लोणच्याची बरणी काढत, ती घडवंची भिंतीशी तशीच उभी होती.

अंगणात हेरंबरावांना सगळ्यांनी घेरलं. "तुम्ही हवे होतात हो!" रघुवीर सांगू लागला. "असं बघा, सूर्य इथे, आणि चंद्र असा मध्ये आला..." आणि रघुवीरच्या तोंडून आपलंच व्याख्यान हेरंबरावांना उभ्या उभ्या पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावं लागलं.

चैत्र सरता सरता कालिंदी बाळंत झाली. प्लेगामुळे प्रवासाचे हाल होते, म्हणून माहेरी जाणं झालंच नाही. त्याच खोलीत, सकाळच्या वेळी मुलगी झाली. आत्यांनी तिला उजेडात नेऊन कान, ओठ, बोटं, नखं एकेक करून तपासली. कुठे काही खोट नव्हती. मग आत्या तिला छातीशी धरून रडल्या, आणि त्यांचं बघून हेरंबरावही रडले. रडतानासुद्धा त्यांनी घड्याळ हातातून सोडलं नव्हतं. पत्रिकेसाठी जन्मवेळ बिनचूक हवी म्हणून पहिलं रडू ऐकताक्षणी त्यांनी काटे बघून ठेवले होते.

"नऊ वाजून दहा मिनिटं!" त्यांनी जिन्यातून अप्पांना ओरडून सांगितलं.

अप्पा पंचांग उघडून बसले होते. त्यांनी लेखणी हातात घेतली, मग खाली ठेवली. "हेरंबराव, ही वेळ मुंबईची की मद्रासची?"

"मद्रासची. म्हणजे... वजा करून मुंबईची." हेरंबराव थांबले. "म्हणजे घड्याळात नऊ-चाळीस होते, आणि मी... की नऊ-दहाच होते?" त्यांनी आठवायचा खूप प्रयत्न केला. अर्धा तास वजा केला होता, की करायचा राहिला होता, की नेहमीसारखा दोनदा केला होता, काही केल्या आठवेना.

आत्या मुलीला घेऊन दारात आल्या आणि जिन्याच्या पायरीवर पाटी ठेवून बसलेल्या तुळसाला म्हणाल्या, "तुळसा, पोर रडली तेव्हा पाण्याचं काय होतं ग?"

"भरती नुकतीच लागली व्हती, आत्याबाई," तुळसा म्हणाली. "मी चौपाटीवरनं येताना ओहोट सरत आली व्हती. पायरीवर पाटी टेकली आनि वरनं पोर रडली. त्यात काय बघायचं?"

अप्पांनी तिथी बघितली, बोटांवर मोजलं, समाधानाने मान हलवली आणि पत्रिका मांडली. दहाव्या दिवशी कालिंदीने आपल्या सुवाच्य अक्षरात ती कोऱ्या कागदावर उतरवून काढली, कडेने कुंकवाची बोटं लावली आणि हेरंबरावांच्या हाती दिली. हेरंबरावांना इतका अभिमान वाटला, की महिनाभर ती त्यांच्या कोटाच्या खिशातच होती. कचेरीत, वाचनालयात, रस्त्यात भेटेल त्याला ते ती उघडून दाखवत. लोक वाचत, आणि शेवटाला आले की का कोण जाणे हसत. हेरंबरावांना वाटे, मुलीचे ग्रहच असे आहेत, की बघणाऱ्याला आनंद व्हावा.

पत्रिकेच्या अगदी तळाशी कालिंदीने एक ओळ बारीक अक्षरांत लिहिली होती : 'वेळ तुळसाच्या भरतीची. वडिलांचं घड्याळ धरलेलं नाही.' पण खालची बारीक अक्षरं वाचायची सवय हेरंबरावांना अजून लागलेली नव्हती.